एकशे अठरा टक्के

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी एका मुलीचं कॉलेज बंद पाडलं. चुकून नाही, चांगलं डोळे उघडे ठेवून.

ती पिपलानीतलीच, म्हणजे हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीतली, आमच्या क्वार्टरपासून चार गल्ल्या पलीकडची. माझे वडील कारखान्यात इंजिनिअर, तिचे फिटर. तिच्या आईने क्वार्टरमागे म्हैस बांधली होती आणि आमच्याकडे दुधाचा रतीब त्यांचाच होता. कॉलेजला आम्ही एकाच सिटी बसने जायचो. बसमध्ये मी तिच्या शेजारी बसायचे, फाटकातून आत शिरताना मात्र चार पावलं पुढे निघून जायचे.

रसायनशास्त्र माझ्या डोक्यावरून जायचं. लिमिटिंग रीएजंट म्हणजे काय, हे मला तिने बसमध्ये शिकवलं. "चहाच घे ना. साखर-पत्ती डब्बाभर आहे अन् दूध एकच कप. मग चहा किती होईन? दुधावरच अडते. जे आधी संपते, तेच ठरवते." आणि यील्ड म्हणजे गणिताने जितकं मिळायला हवं, त्यातलं प्रत्यक्षात हाती किती टक्के आलं ते. "शंभराच्या वर गेलं तर समजायचं, माल ओला आहे."

इतकं येत असून आदल्या वर्षी ती आजारपणात प्रॅक्टिकलला नापास झाली होती. या खेपेला गेली तर कॉलेज बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. तेही तिने मला बसमध्येच सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

परीक्षेत दोन द्रावणं मिसळून पांढरा साका पाडायचा, गाळायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि तोलायचा. ओव्हन एकच, तोही मरतुकडा. वरच्या फळीवर काय वाळेल ते वाळेल, खालची नुसती कोमट. वर तिची बशी होती. मी ती खाली ठेवली आणि त्या जागी माझी सरकवली.

गंमत म्हणजे ती जागा मला लागलीच नाही. माझा निम्मा साका गाळतानाच सांडला होता. मी आधी चौऱ्याण्णव टक्के लिहून टाकले आणि उलटं गणित करून वजन बसवलं. बहुतेक सगळे तेच करत होते. तिने मात्र तराजूने दाखवलं तेच लिहिलं. एकशे अठरा टक्के.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिची वही सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "सौ में से एक सौ अठारह? कौन-सा जादू किया, बेटा?"

"गीला रह गया, मैडम. मैंने तो ऊपर रखा था..." तिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही.

ती घेईल या भीतीने मी म्हणाले, "मैडम, इसके घर दूध का धंधा है. पानी मिलाने की आदत है."

अख्खी लॅब खो खो हसली, बाईसुद्धा. मला तेव्हा फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं. मला वीसपैकी अठरा मिळाले आणि ती नापास झाली.

जुलैपासून दूध घालायला तिच्या आईऐवजी तीच यायला लागली. पहिल्या दिवशी दार मी उघडलं आणि पातेलं पुढे केलं.

"काकूले बोलाव," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर घालते. मागून पाण्याचं कोणी बोलायला नको."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काहीतरीच काय गं? इतक्या वर्षांत तुमच्या दुधात पाण्याचा थेंब सापडला नाही. कोण बोलणार आहे?"

"आहे एक जण," ती म्हणाली आणि माप काठोकाठ भरून पातेल्यात ओतलं.

ती फाटकाबाहेर गेली तरी आई मला विचारत होती, कोण गं, कोण म्हणालं असं? मी पातेलं घेऊन आत गेले आणि दूध तापत ठेवलं.