मुदतीआधी काढलेलं सेंटरिंग

दोन हजार सालच्या सुमारास मी नाशिकला नोकरी सांभाळून संध्याकाळचं एमबीए करत होतो. वर्गात पहिल्या बाकावर एक साइट इंजिनीअर बाई बसायच्या. द्वारका चौकातल्या बांधकामावरून थेट सिमेंटने माखलेल्या बुटांनी यायच्या. सर बोलत असताना पेनचं टोपण सारखं उघडायच्या, लावायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सर कामाची मुदत कमी कशी करायची ते शिकवत होते. "माणसं वाढवा, दिवस कापा," ते हसत म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "आमच्या साहेबांनीही दिवसच कापले, सर. स्लॅब पक्का व्हायच्या आत त्याला खालून आधार देणारं सेंटरिंग काढायला लावलं. स्लॅब कोसळला, हरसूलकडचे दोन मजूर त्याखाली मेले."

"भावना बाजूला ठेवा, मॅडम."

"ठेवल्या होत्या. म्हणून तर सेंटरिंग काढायच्या परवानगीवर मी सही केली."

सर फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण लिहू लागले. बाई तास संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. सरांनी एकदाही मागे पाहिलं नाही. त्यांची ती पाठ आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.