कायमेलं काकू जंगलात

आमच्या वाडीत कुणाकडे नवी वस्तू आली, की ती आधी देवापुढे ठेवायची आणि मग काकूंपुढे. देव काही बोलत नसे. काकू बोलत. नवी गाडी असो, नवी सून असो, गणपतीची मूर्ती असो, काकू कमरेवर हात ठेवून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत, नाकाचा शेंडा जरासा वर नेत आणि म्हणत, "काय मेलं त्यात!" संपलं. वाडीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'कायमेलं काकू' पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. मेल्यांना नावसुद्धा धड ठेवता येत नाही, एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

दुसऱ्याच्या मोदकांकडे काकू ज्या नजरेने पाहत, ती ज्यांनी झेलली आहे त्यांनाच कळेल. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मी मोठ्या हौसेने डबा भरून मोदक घेऊन गेले. काकूंनी एक उचलला, बोटांत फिरवून त्याच्या पाकळ्या पाहिल्या आणि परत डब्यात ठेवला. "चवीला असतील बरे," म्हणाल्या. मी रडत घरी आले. संध्याकाळी काकू आपणहून आल्या, माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि माझी बोटं भाजेपर्यंत उकड मळून घेतली माझ्याकडून. आता आमच्या शाळेतल्या बाया माझ्या मोदकांची वाखाणणी करतात. काकूंनी मात्र शेवटपर्यंत 'बरे' याच्या पुढे एक अक्षर दिलं नाही.

काकूंचे यजमान भाऊ. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वन्यजीवप्रेमी झाले. जन्मभर ज्यांनी घरातलं झुरळ मारायला काकूंना हाक मारली, त्यांनी मातकट रंगाचं खिसेवालं जाकीट आणलं, झालरीची टोपी आणली आणि गळ्यात दुर्बीण अडकवली. ती दुर्बीण घालून ते मासळीबाजारात जात. हातभर अंतरावरची सुरमई पाहायला दुर्बीण कशाला लागते, हे कोळणींना कळत नसे आणि मलाही नाही. बोलण्यात सारखं साइटिंग, पगमार्क, कॉल. माणूस मूर्ख असला तर निदान गप्प असावा. भाऊंना तेही जमत नव्हतं.

दरवर्षी मे महिन्यात भाऊ विदर्भातल्या कुठल्यातरी व्याघ्रप्रकल्पात जात. वाघ उन्हाळ्यात पाण्यावर येतो म्हणून मेच गाठायला हवा, असं त्यांचं शास्त्र होतं. रत्नागिरीत ज्याच्या दारात हापूसची चार कलमं आहेत तो माणूस मे महिन्यात शेजारच्या गावी बारशालासुद्धा जात नाही. भाऊंच्या घरामागच्या कातळावर चांगली पंधरा-वीस कलमं, आणि ऐन आंब्यात वानरांच्या टोळ्या. एक आंबा खातील, दहा चावून टाकतील आणि जाता जाता फांदी मोडतील. ती सगळी लढाई काकूंवर सोपवून भाऊ गाडीत बसत. भाऊ जनावरं बघायला जात आणि जनावरं काकूंना बघायला येत.

काकूंची हाळी अशी होती, की ती ऐकून शेजारी आमच्या घरातली भांडी हलत. पानं नुसती सळसळली, की काकू हातातलं काम टाकून उठत. तव्यावर आंबोळी असो, अंगावर अर्धं नेसलेलं लुगडं असो, परसात धावत आणि "हुर्रर्र हाऽऽ! मेल्यांनोऽऽ!" अशी आरोळी ठोकत. टोळी पार पऱ्ह्याचं पाणी ओलांडून पलीकडे पळे. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत, भटजी कथा सांगत असताना कौलांवर खडखडलं. काकू यजमानीण म्हणून भाऊंच्या हाताला हात लावून बसल्या होत्या. बसल्या जागी त्यांनी अशी हाळी दिली, की भटजींच्या हातून पोथी पडली. "वानर दिसला नि गप्प बसलं तर खायचं काय?" एवढंच त्यांनी भटजींना विचारलं आणि पुन्हा हाताला हात लावला.

इतक्या वर्षांत भाऊंना वाघ दिसला नाही. परत आले की पडवीत बसून सांगत, पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, अगदी ताजे होते, पाचच मिनिटं आधी गेला, मागच्या जिप्सीतल्यांना दिसला. त्यांचा साडू एकदाच गेला आणि त्याला बछड्यांसकट वाघीण दिसली. तेव्हापासून भाऊंनी साडूकडे जाणंच सोडलं. काकू आतून आंबे निवडता निवडता ऐकत असत. "वाघ शहाणा आहे," त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना बघून आत जातो. मलाही जाता आलं असतं तर मीही गेले असते."

मग भाऊंची बायपास झाली. डॉक्टरांनी सांगितलं, एवढी दगदग यापुढे नको. जायचंच तर एकदा, शेवटचं जा, आणि एकटे जाऊ नका. भाऊ चार दिवस जेवले नाहीत. वाघ न बघता मरायचं, या विचाराने माणूस पार खंगला. हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्या वर्षी नेमका मोहोर करपला, कलमांवर राखण्यासारखं काही उरलं नाही आणि काकू लग्नानंतर पहिल्यांदाच मे महिन्यात मोकळ्या झाल्या. "शैला येत असेल तर मी येत्ये," त्यांनी जाहीर केलं. मला शाळेची सुट्टी होती. अशी आमची तिघांची वरात निघाली.

काकूंनी सोबत कुळथाचं पीठ, आंबापोळी आणि भाऊंची औषधं घेतली होती. रिसॉर्टवरच्या वरणात त्यांनी पळी फिरवली आणि खानसाम्याला विचारलं, "डाळ घालायची विसरलास की उद्या घालणार आहेस?" पहाटे गेटवर उघड्या जिप्सींची रांग लागलेली. त्यांत बसलेली पुण्या-मुंबईची मंडळी, एकजात हिरव्या-मातकट ठिपक्यांचे कपडे, हातभर लांबीचे कॅमेरे. काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "वाघाला दिसू नये म्हणून हे कपडे. मग वाघाने तरी ह्यांना का दिसावं?"

आत गेल्यावर तर त्यांच्या जिभेला उसंत राहिली नाही. सागाची पानं झडलेली होती. "ह्याला जंगल म्हणायचं? झाडूच्या काड्या उभ्या केल्यान् नुसत्या." चितळांचा कळप दिसला. भाऊंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, काकू म्हणाल्या, "शेळ्यांना ठिपके दिले की झालं." रानडुक्कर आडवं गेलं तेव्हा मागच्या जिप्सीतली एक बाई आनंदाने किंचाळली. काकूंनी तिच्याकडे ज्या कीवेने पाहिलं, तेवढ्या कीवेने त्यांनी कधी भिकाऱ्याकडेही पाहिलं नसेल. "दोन दिवसांची गाडी करून डुक्कर बघायला आल्यात! आमच्या नाचणीच्या शेतात ये म्हणावं, मी फुकट दाखवत्ये." मोर दिसला, गवा दिसला, दर वेळी तेच, "काय मेलं त्यात!" भाऊ दातओठ खात होते.

तीन फेऱ्या अशाच गेल्या. शेवटच्या फेरीत, पाणवठ्यापासून थोडं अलीकडे, आमच्या गाइडने एकदम हात वर करून गाडी थांबवली. गाइड पन्नाशीचा, मितभाषी माणूस. समोर मोहाचं उंच झाड होतं आणि त्याच्या शेंड्यावर बसलेलं एक वानर गवताकडे बघून खॅक-खॅक करत होतं. "चूप राहा जी सगळे," गाइड कुजबुजला. "वानर कॉल देऊन राह्यलं. वाघ जवळच हाये, निघनच आता." मागे चार जिप्सी येऊन थांबल्या. भाऊंनी घाईघाईत दुर्बीण चष्म्यावरच आपटली. एवढ्या वर्षांची वाट आता समोरच्या गवतातून बाहेर पडणार होती. मी, खरं सांगते, मनातल्या मनात देवाला म्हटलं, दाखव बाबा एकदाचा ह्यांना.

आणि वानर पुन्हा खॅक करून फांदीवर उडालं. पानं सळसळली.

काकू ताडकन सीटवर उभ्या राहिल्या. पदर खोचला गेला, हात वर गेला आणि त्या सबंध जंगलात आमच्या कातळावरची हाळी घुमली, "हुर्रर्र हाऽऽ! मेल्यांनोऽऽ!"

वानर गेलं. पाखरं उडाली. पाचही जिप्सींतली सगळी माणसं काकूंकडे वळली. कुणी कपाळावर हात मारला, कुणी इंग्रजीत काहीतरी बोललं. गाइड हताश होऊन खाली बसला. भाऊ तर डोळे वटारून असे पाहत होते, की मला त्यांच्या हृदयाचीच भीती वाटली. आश्चर्य एवढंच, की काकू काही बोलल्या नाहीत. त्या समोर बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग पदर सोडून हळूच खाली बसल्या. बराच वेळ थांबूनही गवत हललं नाही.

भाऊ परतीच्या गाडीत काकूंशी बोलले नाहीत. घरी आल्यावर बोलले, पण तेच ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला पडवीत बसवून सांगत, "हाताशी आलेला वाघ हिने घालवला." पोस्टमनला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. काकू आतून चहा आणून ठेवत आणि ऐकून घेत. ज्यांनी भटजीला सोडलं नाही त्या काकू! मला भाऊंचा इतका संताप येई, की एकदा मी त्यांच्या पडवीतला चहा अर्धा टाकून उठले.

नागपंचमीला आम्ही दोघी पातोळ्या करत बसलो होतो. हळदीच्या पानावर पीठ थापता थापता काकू म्हणाल्या, "शैले, मी बघितला हो त्याला."

"कुणाला?"

"वाघाला. आणखी कुणाला? मी उभी राहिले ना, तेव्हा गवताच्या पलीकडे बसलेला दिसला. तुम्ही सगळे माझ्यावर डोळे काढून बघत होतात. तो उठला, त्याने माझ्याकडे बघितलान आणि गेला. घाईसुद्धा केलीन नाही."

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. "मग भाऊंना का नाही सांगितलंत? ते रोज तुम्हाला..."

"काय सांगू? मला पहिल्याच खेपेला दिसला, आणि तुम्ही माझ्यावर डोळे वटारत होतात म्हणून तुम्हाला दिसला नाही, असं? तो माणूस जगेल का गो? त्यापेक्षा बोलू देत मला. मला बोलले की दोन घास नीट जेवतात." मग पिठाचं बोट माझ्यावर रोखून म्हणाल्या, "त्यांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

कसा होता, म्हणून मी विचारलं. 'काय मेलं त्यात' ऐकायची मी तयारीच ठेवली होती. काकू थापत राहिल्या. पान भरलं, त्यात गूळ-खोबरं घातलं, पान दुमडलं.

"नाव ठेवायला जागाच नव्हती गो," त्या म्हणाल्या.

मी भाऊंना सांगितलं नाही. तरी माघात काकूंचं ते तोंड बघावं लागलंच. ताप काय आला, न्यूमोनिया काय झाला, आठवड्यात सगळं आटोपलं. बाराव्याला जेवणाऱ्या पंगतीलाही भाऊंनी सांगितलं, "बिचारीच्या नशिबात वाघ नव्हता." मी वाढत होते. हातातलं भात-वाढणं त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं.

यंदा मेमध्ये कलमं लगडली. भाऊ कुठे गेले नाहीत. एका दुपारी मी डबा द्यायला गेले तर पडवीत बसले होते, गळ्यात दुर्बीण नव्हती. मला म्हणाले, "शैला, तू तिच्या शेजारी होतीस. खरं सांग. तिथे वाघ होता का गं?"

नागपंचमीपासून माझ्या जिभेवर होतं ते. होता, आणि तिने बघितला, आणि तुम्ही तिच्यावर डोळे वटारत होतात म्हणून तुम्हाला दिसला नाही. एवढं बोलले असते तर माझं काळीज थंड झालं असतं.

"नव्हता हो, भाऊ," मी म्हटलं. "गाइडना काहीतरी सांगावं लागतं."

भाऊंनी चष्मा काढला. "म्हणजे तिने काही घालवलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तिला उगाचच बोललो." आणि तो माणूस तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, रडतासुद्धा येत नाही मेलं.

तेवढ्यात परसात पानं सळसळली. भाऊंना काही उठवेना. मी धावले, पदर खोचला, हात वर केला आणि होता नव्हता तेवढा जीव लावून हाळी दिली. एकही वानर हललं नाही. चार-पाच जण फांदीवर आंबे धरून बसले होते. त्यांनी खाणं थांबवलं आणि काकू दुसऱ्याच्या मोदकांकडे पाहत तसं माझ्याकडे पाहिलं.