बेबीनंदाची गुळतुला

मालनबाई झंपर शिवायची. शहागडची लेक, अंबडला दिलेली. बसस्टँडमागच्या गल्लीतल्या बाया तिच्याकडंच कापड टाकायच्या, कारण तिचं माप चुकत नसे आणि ती कुणाच्या घरातलं कुणाच्या घरात सांगत नसे. फिरत्या नाटक मंडळीत उभा जन्म घालवून मी तिच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो होतो. मध्ये नुसती पत्र्याची आडभिंत. त्या घरातला प्रत्येक प्रवेश मला पहिल्या रांगेत बसल्यासारखा ऐकू यायचा. आणि मी सांगतो, तशी भांडणं कुठल्या नाटककाराला लिहायला जमणार नाहीत.

मालनची सहा वर्षांची लेक बेबीनंदा. जन्मापासून हृदयाला छिद्र. चार पावलं पळाली की ओठ निळे पडायचे. शहाण्णव साली श्रावणात पुण्याला तिचं ऑपरेशन झालं. पोरगी आत टेबलावर होती, तेव्हा इकडं तिची आजी, मालनची सासू सोनूबाई, टेकडीवरच्या देवीसमोर बसली होती. तिनं नवस बोलला, "पोरगी जिती घरी आली, तर येत्या नवरात्रात तिच्या भारंभार गूळ वाटीन."

पोरगी जिती आली. आणि घरात युद्ध सुरू झालं.

छातीचं मधलं हाड कापून ते बारीक तारेनं पुन्हा बांधलेलं. डॉक्टरांनी मालनला बजावलं होतं, दिवाळीपर्यंत हिला बगलेत धरून उचलायचं नाही, कुठं धक्का लागू द्यायचा नाही. आणि यांच्याकडं तुलेची रीत अशी, की मामानं पोराला बगलेत धरून तीनदा वर उचलायचं आणि मग पारड्यात ठेवायचं.

घटस्थापना झाली. सोनूबाईनं गूळ आणून कोठीत कुलूपबंद केला आणि शहागडला निरोप धाडला. मालनचा भाऊ काकासाहेब नवा फेटा बांधून हजर झाला. मालन दारातच उभी.

"दादा, चहा पी अन् माघारी जा."

"अगं, तुझ्या सासूबाईंनी बोलावलंय..."

"मी न्हाई बोलावलं."

आतून सोनूबाई कडाडली, "बघा, बघा! सख्ख्या भावाला दारातून हाकलून राह्यली! पुण्याचं पाणी लागलंय हिला. देवीपेक्षा डाक्टर मोठा झाला!"

"आत्याबाई, देवीचं देणं मी बुडवत न्हाई. दिवाळी होऊ द्या."

"देवी काय तुझ्याकडं झंपर शिवायला आली का गं? आज न्हाई, उद्या या म्हणायला!"

"मी झंपरच शिवते, म्हणून मला कळतं. कच्चा टाका ओढला का उसवतो. झंपर मी पुन्हा शिवीन. हिला कोण शिवंल?"

न राहवून मी बाहेर आलो. म्हटलं, "सोनूबाई, पारडं जमिनीवर टेकवा. पोरगी आपली आपण बसेल. उचलायलाच नको."

"मास्तर, तुम्ही नाटकातले राजे. नाटकात लाकडाची तलवार चालती. नवसात न्हाई चालत."

मालनही माझ्यावर उखडली. "अन् टेकडीवर जत्रंच्या गर्दीत न्यायची? कुणाचं कोपर लागलं मंग?"

दोन्हीकडून मार खाऊन मी माझ्या खोलीत परतलो. काकासाहेबही शहागडच्या गाडीत बसला. मालनचा नवरा वसंता मात्र या सगळ्यात सायकलचं चाक काढून पुसत बसला होता. सायकलला काहीही झालेलं नव्हतं.

सोनूबाईला मी दुष्ट म्हणणार नाही. तिचा थोरला मुलगा गोवरातून उठला होता, त्याचाही नवस होता. नवऱ्यानं पुढच्या वर्षी फेडू म्हटलं. ते पुढचं वर्ष त्या पोराला दिसलंच नाही. गल्लीत सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती, मालनलाही. म्हणून तर ती सासूचं सगळं ऐकून घ्यायची. ऐकायची, पण हलायची नाही.

दसरा गेला. सोनूबाईनं सुनेच्या हातचं पाणी सोडलं, चूल वेगळी मांडली. गल्लीतल्या बायाही झंपर दुसरीकडं टाकू लागल्या. नवस मोडणारीच्या मशीनवरचं कापड अंगाला नको. मशीनचा आवाज थांबला, तसं पत्र्यापलीकडून मला टोमणेच तेवढे ऐकू येऊ लागले.

आणि नेमका पोरीला ताप आला.

"आला! कोप आला!" सोनूबाई अंगणात छाती पिटू लागली. "वसंता, उचल पोरीला! आत्ताच्या आत्ता टेकडीवर ने!"

वसंता खरंच पुढं झाला. मालन उंबऱ्यात आडवी बसली.

"हात लावून तर बघा."

"आई सांगून राह्यली ना..."

"तिची आई मी हाय. तुमची तुम्ही सांभाळा."

लेकराच्या पाठीखाली एक आणि मांड्यांखाली एक हात घालून, भरलेलं ताट न्यावं तशी तिला आडवी धरून मालन एकटी निघाली. जाताना टेकडीकडं तोंड करून उभी राहिली. मी मागंच होतो. "बाई, जल्दी नको करूस," ती म्हणाली. एवढीच तिची प्रार्थना. मग जालन्याची एसटी धरली. डॉक्टर म्हणाले, जखम उत्तम आहे, नुसता घसा सुजलाय. तीन दिवसांत पोरगी भाकरी मागू लागली. सोनूबाई म्हणाली, "यंदा सोडलं देवीनं. पुढं बघा."

दिवाळीनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं. घरी येताच मालननं स्वतः भावाला बोलावलं. टेकडीवर तराजू टांगला. काकासाहेबानं भाचीला तीनदा उचललं. प्रत्येक वेळी मालनचे डोळे मिटलेले. समोरच्या पारड्यात सोनूबाईनं गूळ रचला. सगळा संपला. पोरीचं पारडं हललंसुद्धा नाही.

नवरात्रातल्या काडीसारख्या पोरीच्या अंदाजानं घेतलेला गूळ तो. आता गाल वर आलेल्या नातीला पुरणार कसा? बाया कुजबुजल्या, अपशकुन. काकासाहेब म्हणाला, "मी आणतो."

"हात लावू नको. नवस माझा हाय."

म्हातारी पायऱ्या उतरून बाजारात गेली. धापा टाकत, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन परत आली. तोवर बेबीनंदा पारड्यात बसून पाय हलवत होती. ढेप ठेवली आणि पोरगी अलगद वर आली. सोनूबाई तिच्याकडं बघत राहिली.

मग प्रसाद वाटला. मला दिला, काकासाहेबाला दिला, पायरीवरच्या भिकाऱ्यांना दिला. मालनसमोर आली आणि हात आखडून पुढं गेली.

मालननं वाकून पारड्यातला एक खडा उचलला आणि तोंडात टाकला.

सोनूबाई गर्रकन वळली. "तुला कुणी दिला गं?"

"लेक माझी हाय. तिच्या भाराचा हाय."

"मंग बारका घे की," सोनूबाई खेकसली, "दात पाडून घेशील अन् म्हणशील, सासूनं पाडले."