बाराव्या जागेवरची मेंढी

धुळातात्यांनी शेवटची मेंढरं विकली तेव्हा त्यांना बासष्टावं लागलं होतं. मुलगा इस्लामपूरला साखर कारखान्यात चिकटलेला, सूनही तिकडंच. वर्षातले आठ महिने कळप घेऊन कृष्णा ओलांडायची, फलटणच्या रानांपर्यंत चालत जायचं, तर सोबतीला कोण? विकली. त्यानंतर मात्र ते झोपेतून जागे झाल्यासारखे वाटेनात. "अंगानं घरात हायती, गुरुजी," त्यांची बायको बनाबाई मला म्हणाली, "पाय कुठंतरी लांब चालत्याती."

त्याच हिवाळ्यात आम्ही गावचा लाकडी पाळणा दुरुस्तीला काढला होता. जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीलगत आमचं गाव. बिरोबाच्या जत्रेत पूर्वी हा गोल पाळणा फिरायचा. मधोमध खांब, खांबाला आडवे दांडे, दांड्यांना जोडलेल्या बारा फळ्या आणि प्रत्येक फळीवर हातानं कोरलेलं एक जनावर. चार माणसं दांड्यांना हात लावून चालू लागली की घोडे, हत्ती, मोर फिरू लागायचे. तीस वर्षं तो समाजमंदिरामागं पडून होता. धनाजी सुतार, शाळेतल्या उत्कर्षा बाई, मी आणि गावातले चौघे-पाच जण दर रविवारी जमून त्याची धूळ, जुना रंग, वाळवी काढत होतो.

धुळातात्या नुसतं बघायला यायचे. जत्रेच्या दिवसांत ते लहानपणापासून कळपामागं परमुलखात; पाळणा फिरताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एके दिवशी धनाजीनं त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. ते घोड्याची पाठ घासत बसले आणि बोलू लागले. ऊस तुटलेली ओली शेतं, पहाटेच्या धुक्यात नुसती ऐकू येणारी मेंढरं, पाठीवर बिऱ्हाड घेऊन मान खाली घालून चालणारं घोडं. बोलता बोलता त्यांचे डोळे मिटायचे, हात चालूच असायचा.

अकरा जनावरं निघाली. बाराव्या फळीवर फक्त चार खूर उरले होते. बाकीचं वाळवीनं खाल्लेलं. तिथं काय होतं हे कोणालाच आठवेना.

"घोडाच बसवू या," धनाजी म्हणाला. "पोरांना घोडाच आवडतो."

तात्यांनी फळी मांडीवर घेतली. एकेका खुरावरून बोट फिरवलं. "घोडं न्हाई हे. खूर चिरल्यालं हाय, बघ की."

"मग गाय आसंल. न्हाईतर हरीण."

"मेंढी हाय, धनाजी. पुढच्या डाव्या खुराचं नुसतं टोक टेकल्यालं हाय, पाय उचलाय लागल्याला. गवत हुंगून पुढं निघाल्याली मेंढी हाय ही." त्यांनी खुरांवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "मी करू का?"

तात्यांनी आयुष्यात पटाशी धरली नव्हती. धनाजी माझ्याकडं बघू लागला. मी उत्कर्षा बाईंकडं. "करू द्या की," त्या म्हणाल्या.

धनाजीनं कडुनिंबाचा एक ओंडका काढून दिला, पटाशी कशी धरायची ते दाखवलं. पहिली मेंढी फुटली. दुसरीची मान तुटली. तिसऱ्या ओंडक्याला तात्यांनी आधी पटाशी लावलीच नाही. दोन दिवस नुसते त्यावर तळवे फिरवत राहिले, एखादं जनावर आजारी असलं की चाचपतात तसे. मग महिनाभर ते रोज आले, रविवार नसला तरी. मी शाळेतून जाताना डोकावायचो. निंबाचा कडू वास आणि मधूनच तात्यांचं हळू आवाजातलं "हर्र, हर्र" ऐकू यायचं. कोणाला हाकत होते, मी विचारलं नाही.

मेंढी झाली ती मान वळवून मागं बघणारी.

"आवं तात्या," धनाजी म्हणाला, "बाकीची समदी पुढं बघत्याती. ही उलटी का?"

"म्होरकी हाय ती. मागची येत्याती का न्हाई, ते तिला बघावं लागतं."

धनाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः ती फळीवर पक्की बसवली.

जत्रेच्या दिवशी भंडाऱ्यानं हवा पिवळी झाली होती. मेंढीवर एक चिमुरडी बसली आणि समोर मेंढीचं तोंड बघून तिच्याशी बोलूच लागली. बनाबाई तात्यांना कोपरानं ढोसायला गेली, "बघा की." पण तात्या उठून गेले होते. दांडा ढकलणाऱ्या चौघांतल्या एकाला बाजूला करून त्यांनी हात लावला.

पाळणा फिरू लागला. तात्यांची चाल सावकाश, लांब, दिवसभर टिकणारी. फेरी संपली, पोरं उतरली, पुढची रांग ओरडू लागली. तात्या थांबले नाहीत. डोळे अर्धवट मिटलेले, तोंडावर पिवळा भंडारा, रिकामी जनावरं घेऊन ते चालतच होते. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दांडा सोडला नाही.

"फिरू दे," धनाजी रांगेला म्हणाला. "एक फेरी त्यांची."