उंदरांच्या टेबलावरचा स्टीलचा डबा

कुमुदचं उंदरांचं टेबल पडवीच्या टोकाला होतं आणि सासूबाई त्याच्यापासून दहा हात लांब राहत. माडावर चढून कोवळी शहाळी कुरतडणारे उंदीर नारळ पाडायला येणारा भिकू पाडेली पिंजऱ्यात धरायचा. दिवेआगरात बाकीच्या वाड्यांतले लोक असे उंदीर लांब नेऊन फेकत. कुमुद मात्र ते मागून घ्यायची, सोलायची, कातड्यात कापूस भरायची आणि बोर्लीच्या शाळेच्या कपाटात नेऊन ठेवायची. त्या शाळेत तिने जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाली ती नोकरीतून, हात काही निवृत्त झाले नाहीत. शेजारणी घरी आलेल्याला लोणच्याच्या बरण्या दाखवत, ही शेपटी सरळ बसलेला उंदीर दाखवी. तो पाहुणा पुन्हा सहसा चहाला येत नसे.

सासूबाईंची तक्रार उंदरांपेक्षा टाकणखाराची होती. कातड्याला आतून टाकणखार चोळला की ते कुजत नाही. आणि घरात कुणाचं तोंड आलं तर सासूबाई त्याच टाकणखाराची तव्यावर लाही करून तुपातून लावत. कुमुदने स्वयंपाकघरातला सगळा टाकणखार काचेच्या बरणीत भरून आपल्या टेबलावर नेला, तेव्हापासून "आमचा खार उंदरांच्या पोटात जातो" हे गाऱ्हाणं आल्यागेल्याला ऐकावं लागे.

त्या दिवशी हवा कोंदट होती. अशा हवेत उंदीर फार वेळ टिकत नाही. जरा उशीर झाला की पोटावरचे केस पुंजक्यांनी हातात येतात. कुमुदने कातडं मोज्यासारखं उलटं करत कानांपर्यंत आणलं होतं आणि लाकडाच्या भुशाने चरबी टिपून काढत होती. टाकणखारासाठी तिने मान वर केली. बरणी जागच्या जागी होती. तिच्या शेजारचा स्टीलचा डबा मात्र नव्हता.

त्या डब्यात सोमल होता, म्हणजे आर्सेनिक, जहाल विष. एका कॉलेजने जुनं संग्रहालय मोडीत काढलं तेव्हा ओळखीच्या सरांनी तो तिला दिला होता. कातड्यांना लागणारी कसर ही कीड टाकणखाराला जुमानत नाही, सोमलापुढे तिचं काही चालत नाही. कुमुदने तो फारसा वापरला नाही आणि टाकूनही दिला नाही. वादळात पडवीचं छप्पर उडालं, तेव्हा डब्यावरची चिठ्ठी भिजून गळून पडली. नवी लावायचं राहिलं. या टेबलाला हात लावतंय कोण, असं तिला वाटायचं.

"आई, इथला डबा कुणी घेतला?"

"मी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "श्रेयसचं तोंड आलंय ना. आणि खार माझाच आहे तो, स्वयंपाकघरात स्टीलच्याच डब्यात असायचा."

श्रेयस म्हणजे कुमुदचा दीड वर्षाचा नातू. त्याला या दोघींवर सोपवून त्याची आई, म्हणजे कुमुदची लेक आश्लेषा, सकाळीच बोर्लीच्या बाजारात गेली होती.

कुमुदने कातडं टेबलावर टाकलं. ती आत धावली आणि अर्ध्या वाटेत तिला आपले हात दिसले, उंदराच्या चरबीने बरबटलेले. या हातांनी पोराला उचलायचं कसं? ती मोरीत शिरली. साबण दोनदा हातातून निसटला. तिथून माजघरातली गोधडी दिसत होती. श्रेयस उताणा पडला होता, अगदी स्वस्थ. छाती हलते आहे की नाही ते तिला एवढ्या लांबून कळेना, आणि तिला ते बघायचीही भीती वाटली.

"आई, त्या डब्यातल्या पुडीची लाही केलीत?"

"मग? कच्ची लावतात होय?"

"फुलली?"

टाकणखार तव्यावर फुलतो, सोमल फुलत नाही. एवढं कुमुदला ठाऊक होतं आणि तिचा सगळा जीव सासूबाईंच्या पुढच्या शब्दावर टांगला होता. सासूबाईंना कसली घाई नव्हती. त्यांनी आधी पदराला हात पुसले.

"तुझ्या खारात काही राम नाही गो. फुललाच नाही. नुसता धूर, आणि लसणीसारखा वास. तवा उचलून परसात नेऊन ठेवला मी."

"श्रेयसला लावलीत का?"

"असली वाया गेलेली वस्तू पोराच्या तोंडाला लावीन होय मी? नुसतं तूप लावलं. निजला."

कुमुद गोधडीशेजारी बसली आणि तिने त्याच्या छातीला कान लावला. पोर संथ श्वास घेत होतं, तोंडाला तुपाचा वास होता. तिला रडू आवरेना. सासूबाई बघत राहिल्या, मग मोरीत जाऊन त्यांनी चूळ भरली.

"जीभ मात्र चुरचुरतेय मेली."

कुमुदने मान वर केली. "तुमची? का?"

"अगो, आधी मी नाही का चाखून बघितली. पोराला काही द्यायचं तर आपण आधी जिभेवर ठेवतो. आश्लेषाची गुटीसुद्धा रोज चाखायचे मी. तुला काय ठाऊक, तू शाळेत असायचीस."

"थुंकलात ना?"

"थुंकले. थोडी गेलीही असेल पोटात. आता काय आठवतंय?"

कुमुदने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तोंड धुवा आणि ताबडतोब घेऊन या, पोरालाही आणा. तिने सासूबाईंना पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि शेजारच्या सुजितला हाक मारली. त्याने रिक्षा दारात आणली. श्रेयस कुमुदच्या मांडीवर झोपलेलाच होता. दुसऱ्या हाताने तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. तो गार लागतोय असं तिला वाटे, मग वाटे आपलाच गार असेल.

"आई, त्या डब्यात खार नव्हता," ती शेवटी म्हणाली. "सोमल होता. विष. मी ठेवला होता तिथे."

सासूबाई मागे जाणाऱ्या पोफळींकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी पोराचा चेहरा न्याहाळला.

"याला नाही ना लागलं कुठे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की, आई."

"मग सुजितला सांग, जरा हळू चालव. जाग येईल पोराला."