छपरीतले दोन हात

नागपूरहून गोंदिया, गोंदियाहून छोट्या गाडीने बालाघाट, आणि तिथून तसल्याच गाडीने वारासिवनीकडे. साठीच्या दशकातली गोष्ट. मी नुकताच मास्तर म्हणून कायम झालो होतो आणि मोठ्या थाटात मामांच्या गावी निघालो होतो. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि दोन्ही अंगांना धानाची शेतं लागली. खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात गेला, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी पाणी दिलं.

हे उद्धवराव मेश्राम, मामांच्याच गावचे. धर्मांतरानंतर बौद्ध झालेलं घर, ग्रामपंचायतीत पंच. दुसऱ्या दिवशी उपसरपंच निवडायचा होता आणि ते उभे होते. सात पंचांपैकी चार आपल्याकडे आहेत, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं.

"आमची मतं पायजे, मंग आमचा मानूस खुर्चीवर काहून नको?" ते म्हणाले.

मी ऐटीत म्हणालो, "हक्कच आहे तुमचा." फुकटचं बोलायला माझं काय जात होतं!

मामा सरपंच. घरी मामींनी चिन्नोरचा भात (इकडचा सुवासिक तांदूळ) आणि पातोडीचा रस्सा केला होता. मी असा हादडला की हात धुवायला उठवेना. मेश्राम गाडीत भेटल्याचं मात्र मी मामांना सांगितलं नाही.

पंचायतीची कौलं उतरवलेली, म्हणून सभा मामांच्या बैठकीत भरली. पाच पंच जाजमावर बसले. मेश्राम आणि कौसल्याबाई, दोघेच बौद्ध पंच, बाहेर छपरीत (घरापुढचा झाकलेला ओटा) गोणपाटावर. त्यांना तिथे बसा असं कुणी म्हटलं नाही आणि आत याही कुणी म्हटलं नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. सचिव तापाने फणफणलेले, म्हणून मामांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं.

आधी मामांच्या पुतण्याचं नाव घेतलं. तीन हात वर झाले. मग मेश्रामांचं. जाजमावरच्या दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी हात वर केले. दारातून मला छपरीतलेही दोन हात दिसले, एक मेश्रामांचा आणि एक हिरव्या बांगड्यांचा. चार झाले. मी लिहायला टाक उचलला.

मामा हळूच म्हणाले, "बापू, जाजमावरचे मोज. बाहेर काहून पाहून राह्यला?"

मी लिहिलं, दोन. आणि खाली, पुतण्या निवडून आला.

"मास्तर, आमचे मोजले का?" मेश्रामांनी बाहेरून विचारलं.

मी म्हणालो, मामांना विचारा. मामा म्हणाले, जाजमावर नाही तो सभेत नाही.

"जाजमावर बोलावलं कोनी होतं?" मेश्राम म्हणाले. ते दोघे शेतकरी जाजमाचे दोरे उपटत बसले. मी रजिस्टर मिटलं. संध्याकाळी मामींनी पुन्हा ताट वाढलं आणि मी निर्लज्जासारखा जेवलो.

तिसऱ्या दिवशी वारासिवनीच्या स्टेशनावर मेश्राम आणि कौसल्याबाई माझी वाट पाहत उभे होते. तहसिलीत अर्ज द्यायचा होता. मेश्रामांनी कोरा कागद पुढे केला.

"चार हात दिसले, एवढंच लिहून सही करा. मामाच्या विरोधात काही लिहू नका."

पेन माझ्या खिशालाच लावलेलं होतं. मी म्हणालो, तुमचं गावातलं भांडण आहे, पाहुण्याला मध्ये ओढू नका. बोलताना माझीच जीभ मला परकी वाटली.

मेश्राम कागद तसाच धरून उभे राहिले. कौसल्याबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, भाऊ. त्याइले मामाच्या घरी पुन्हा जेवाले येनं हाय."

नागपुरात मित्रांनी प्रवास कसा झाला विचारलं. मी धानाची शेतं सांगितली, वैनगंगा सांगितली, चिन्नोरचा वास तर अगदी रंगवून सांगितला. मामांकडे पुढेही जात राहिलो, जेवतही राहिलो. मेश्राम दिसले की मी गल्ली बदलायचो. पुढे मामा गेले आणि नंतर मेश्रामही. आता मला कुणाची भीती नाही, आणि माझ्या सहीचा कुणाला उपयोगही नाही. तरी लिहितो, मी चार हात पाहिले होते. मेश्राम निवडून आले होते.