हात उचलल्यानंतरचा सूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. त्या दुपारी सॅम्पलर घेऊन मी दादांच्या घरी गेलो, तेव्हा ऑर्केस्ट्रातली त्यांची जागा जाणार हे मला माहीत होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गणपतीत, जत्रांत आमच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम व्हायचे. दादा सिंथेसायझरवर, शेजारी कीबोर्डवर मी. मला शिकवलं त्यांनीच. त्यांचं मशीन जुनं, जड. पण त्याच्या त्या भरदार आवाजासाठी मंडळं आम्हाला पुन्हा बोलवायची.

माझ्या मामेभावानं परदेशातून सॅम्पलर आणला. कुठलाही आवाज त्यात भरून घ्यायचा आणि त्याच्याच पट्ट्यांवर वाजवायचा. ऑर्केस्ट्राच्या मालकानं तो पाहिला. "दादाचा आवाज ह्यात येतोय न्हवं? मग टेम्पोत दोन मशीनं कशाला नाचवायची? तू एकटाच बस की."

मी मान हलवली. दादांना सांगितलं, "मशीन बिघडलं तर हाताशी असावा, म्हणून आवाज भरून ठेवूया."

"चांगलं डोकं चालवलंस मर्दा," ते म्हणाले.

वायर जोडली. दादांनी पट्टी दाबून धरली, डाव्या हातानं मशीनवरचं चाक हलवत सुराला थरथर दिली. तेवढ्यात आत मिक्सर सुरू झाला आणि सुरात घरघर शिरली.

"अगं, थांब की! तुझी चटणी बी गाण्यात यील!"

"एकाच सुरावर किती वेळ बसणार? पुढचं गाणं तरी म्हणा!" वहिनी आतून ओरडल्या.

सॅम्पलरची मेमरी जेमतेम काही सेकंदांची. म्हणून सुराचा मधला तुकडा घेऊन तो गोल फिरवायचा, त्याला लूप म्हणतात. पट्टी दाबून धरली की तोच तुकडा फिरत राहतो. जोड चुकला तर प्रत्येक फेरीला टक.

माझा जोड जमेना. टक. टक. बोटं घामानं घसरत होती. लवकर उरकून पळावंसं वाटत होतं.

दादा डोळे मिटून ऐकत होते. "थरथर वर जाताना तोडू नको. मधनं खाली यायला लागली की तिथंच सुरू कर आन् तिथंच संपव."

टक गेला. मला त्यांच्याकडं बघवेना.

"आता हात उचलल्यावरचं बी घे," म्हणून त्यांनी पट्टी सोडली. सूर लगेच थांबला नाही. मंद होत, किंचित खाली झुकत विरला. गाणारी श्वास घ्यायची, नेमकी तेव्हा दादा ही शेपटी सोडायचे.

तो पुरा सूर मी कॅसेटवरही घेतला होता. घरी कार्यक्रमाचे सगळे आवाज सॅम्पलरमध्ये एकत्र भरताना मात्र मेमरीत शेपटी मावेना. ती ठेवायची तर भरलेली ढोलकी काढायला लागणार होती. मी ढोलकी ठेवली. पट्टी सोडली की फिरता लूपच हळूहळू बारीक होईल, असं लावून टाकलं.

गणपतीच्या तोंडावर मालकानं दादांना निरोप धाडला, यंदा येऊ नका. तरी उचगावच्या कार्यक्रमाला ते आले, समोरच बसले. पहिल्याच गाण्यात मी पट्टी धरली आणि त्यांची थरथर मैदानभर फिरायला लागली. त्यांनी चटकन मान वर केली. गाणारीनं श्वास घेतला, मी हात उचलला. सूर फिरत फिरतच बारीक झाला, झुकला नाही. दादांची नजर माझ्यावरून हलेना. पुढची गाणी मी कशी वाजवली, आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजमागं आले.

"थरथर माझीच हाय."

"व्हय."

"शेपटी तोडलीस."

"जागा पुरेना, दादा."

वायर गुंडाळत मी खालीच बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "मालक तुला कवा बोलला?"

"तुम्हाला निरोप गेल्यावर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुझी काय चूक न्हाय. मला उगंच तुझा संशय आला." मग "वरचे सूर मोठे लागत्यात, जरा कमी कर," एवढं सांगून गेले.

पुढं त्यांनी मशीन विकलं. आता ते मलकापूरला लेकीकडं असतात. कॅसेट अजून माझ्याकडं आहे. सुरुवातीला मिक्सरची घरघर, नंतर तो सूर, शेवटपर्यंत विरणारा.

ती कॅसेट मला त्यांना द्यायची आहे. मालक मला आधीच बोलला होता हे सांगायचं आहे, आणि खोटं बोलून घेतलेली माफी परत करायची आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो.